व्हर्टस जीटी प्लस, हाताच्या गिअरची: पुण्याच्या रस्त्यावर आणि ट्रॅकवर

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस कागदावर स्पोर्ट्‌स कार नाही. चार दारं, ५२१ लिटरची डिकी, जमिनीपासून १७९ मिलिमीटर उंची, मागे आईवडील आरामात बसतील एवढी जागा. असं असलं तरी १.५ टीएसआय (दीड लिटरचं टर्बो पेट्रोल) इंजिन आणि सहा गिअरचा हाताचा गिअरबॉक्स असलेली जीटी प्लस घेतली, की रोज ऑफिसला नेता येईल, घाटात रमता येईल आणि वर्षातून एकदोनदा ट्रॅकवरही नेता येईल अशी एकच गाडी हाती येते. एक्स-शोरूम सतरा लाखांच्या आसपास आणि त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवरचा १२ टक्के रस्ता कर, असा हिशोब धरला तर या पैशांत एवढी शिकवणारी दुसरी गाडी क्वचितच मिळेल. आमचं मत आधीच सांगतो. पुण्यात ही गाडी हाताच्या गिअरचीच घ्यावी, तिची मजा पन्नास-साठच्या वेगात घ्यावी आणि ट्रॅकवर ती शिकण्यासाठी न्यावी. ट्रॅकवर पहिली हार मानतात ते तिचे ब्रेक, आणि तेही बऱ्याच लवकर.

आधी इंजिन. १४९८ सीसी, टर्बो, चार सिलिंडर. १५० पीएस ताकद ५००० ते ६००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे), आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १६०० ते ३५०० आरपीएममध्ये. शहरातल्या माणसाने यातला दुसरा आकडा पाठ करावा. १६००च्या खाली हे इंजिन झोपेत असतं. एसी चालू, गाडीत चार जण, दुसरा गिअर आणि वेग पंधरा असेल, तर ॲक्सिलरेटर दाबूनही क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम ओढ येते. नव्या मालकांची "गाडी अडखळते" ही तक्रार बहुतेक वेळा याच ठिकाणची असते. गाडी ठीक असते, गिअर एकने वरचा पडलेला असतो. अंदाजाने सांगायचं तर दुसऱ्या गिअरमध्ये पंचविशीला आणि तिसऱ्यात चाळिशीच्या आसपास इंजिन टॉर्कच्या पट्ट्यात येतं. गतिरोधकावर वेग दहाच्या खाली गेला तर सरळ पहिला टाका. पहिला फक्त थांबलेल्या गाडीसाठी असतो ही ड्रायव्हिंग स्कूलची शिकवण इथे विसरलेली बरी.

दांडा हाताला सुरेख बसतो. हालचाल आखूड आहे आणि प्रत्येक गिअर बसल्याचा खट्‌ असा निर्वाळा तळहाताला मिळतो. रिव्हर्स पहिल्याच्या शेजारी आहे. दांडा खाली दाबायचा, डावीकडे न्यायचा आणि पुढे ढकलायचा, त्यामुळे चुकून पडत नाही. सोडल्यावर दांडा आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, ट्रॅकवर इंजिन वाचवणारी तीच आहे. दांडा मुठीत आवळून धरू नये. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसत्या तळव्याने पुढे ढकलावा, आडवी दिशा स्प्रिंगवर सोडावी.

क्लच जड नाही, पण त्याचा प्रवास लांब आहे. म्हणून सीट लावताना क्लच पूर्ण तळाला दाबून बघा. त्या स्थितीतही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. क्लच अर्धवट दाबून गिअर टाकण्याची सवय बहुतेक वेळा सीट एक खाच मागे असल्यामुळे लागते, आणि तिची किंमत गिअरबॉक्समधल्या, गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या रिंगा मोजतात. दुसरी खोड या काळातल्या सगळ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांची. ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लगेच पडत नाहीत, क्षणभर वर रेंगाळतात. घाईने पहिल्यातून दुसरा टाकून क्लच सोडला तर मागच्या सीटवरच्याची मान हलते. उपाय असा: क्लच दाबण्याच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, न्यूट्रलच्या जागी दांडा अर्धा श्वास थांबवायचा, मग दुसरा. आठवडाभर जाणीवपूर्वक केलं की पायाला आपोआप कळायला लागतं.

आता पुण्याचे रस्ते. हाताच्या गिअरची मजा वेगावर अवलंबून नाही हे पटवायला आपल्या शहरासारखं शहर नाही. सकाळी सातला सेनापती बापट रोडचा चढ दुसऱ्या-तिसऱ्यात घ्या. पाषाण-सूस बाजूची वळणं, नळ स्टॉपच्या पुलाचा चढ-उतार, चांदणी चौकातले वळणदार रॅम्प, यांतल्या एकाही ठिकाणी पन्नासच्या पुढे जायची गरज पडत नाही आणि तरी दर शंभर मीटरला एक निर्णय घ्यावा लागतो. पुढचा रिक्षावाला आत येणार का, मग दुसरा आधीच टाकून ठेवू का? सिग्नल हिरवा होतोय, तर पूर्ण थांबण्याऐवजी दुसऱ्यात रांगत पोहोचता येईल का? वळणाआधी ब्रेक, वळणाआधीच गिअर, वळणात पाय हलका आणि बाहेर पडताना ओढ, हा क्रम ताशी पस्तीसलाही तोच असतो आणि ट्रॅकवर शंभरलाही तोच. या इंजिनाला १६००लाच पूर्ण टॉर्क मिळत असल्याने कमी वेगातही ती ओढ पाठीला जाणवते. साडेचारशेहून जास्त अश्वशक्तीची, हाताच्या गिअरची बीएमडब्ल्यू एम-२ ही खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे मिळते. पण तिचा दुसरा गिअर नीट वापरायला लागलं, की शहरातल्या सगळ्या वेगमर्यादा मागे पडतात. पुण्यात तिचा मालक पहिल्या दोन गिअरमध्ये अडकतो. व्हर्टसमध्ये चार गिअर रोज वापरात येतात.

गर्दीत मात्र शिस्त लागते. वाकड पुलाखालून हिंजवडीच्या दिशेने सकाळी नऊला निघालात, की डाव्या पायाची परीक्षाच. पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडला तर ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने सरकते. पुढच्या गाडीपासून एका गाडीचं अंतर ठेवा आणि त्या अंतरात सरकत राहा. दुचाकीवाले मध्ये येतील, येऊ द्या. दर दोन मीटरला हाफ क्लचवर पुढे-मागे करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. चढावर हाफ क्लचने गाडी धरून ठेवणं म्हणजे क्लच प्लेट थेट सहाणेवर घासणं. हँडब्रेक चांगला साधा दांड्याचा आहे, तो ओढा. निघताना हिल-होल्डची यंत्रणा ब्रेक सोडल्यावर क्षणभर गाडी धरते, तेवढ्यात क्लच पकडला पाहिजे. क्लचवर पाय टेकवून बसणं पूर्ण बंद, तिथे डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली आहे. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा लांब सिग्नलला कामाची, पण न्यूट्रल करून क्लच सोडला की लगेच इंजिन बंद पडतं, म्हणून रांगत्या गर्दीत बटणाने बंद ठेवलेली बरी.

ज्यांचं रोजचं सगळं ड्रायव्हिंग हेच आहे, म्हणजे वाकड ते हिंजवडी आणि परत, त्यांनी ही गाडी घेऊ नये. डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, घ्या असंही आम्ही म्हणणार नाही. १.५ सोबत येणारा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे आणि रांगण्याने तापणं हा कोरड्या क्लचचा स्वभाव आहे, तिथे तो दाबणारा पाय माणसाचा असो की संगणकाचा. अशा वापराला एक लिटर इंजिनाची टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारी) साधी ऑटोमॅटिक व्हर्टस जास्त शहाणपणाची.

गतिरोधकांबद्दल दोन शब्द. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. पंचवीसच्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जावी हा त्यामागचा हिशोब. आपल्या सोसायट्यांपुढचे उंचवटे या मापात बसत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. १७९ मिलिमीटरची उंची आणि २०५/५५ आर १६ टायरची बऱ्यापैकी जाड बाजू यामुळे व्हर्टस एकट्याने किंवा दोघांत कुठे घासत नाही. पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तर जरा तिरकं घ्यावं. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा पुण्यात लावणं म्हणजे कंपनीने दिलेली सर्वात उपयोगी गोष्ट पैसे देऊन काढून टाकणं.

घाटात ही गाडी खुलते. सिंहगडाची अरुंद वळणं दुसऱ्याची, ताम्हिणीचा बराचसा भाग तिसऱ्याचा. चढताना ज्या गिअरमध्ये इंजिन सहज ओढतं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या एसटी चालकांचा नियम इथेही तंतोतंत लागू आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सलग आणि फसवा आहे. सहाव्यात गाडी मोकळी सोडली तर वेग नकळत वाढतो आणि मग ब्रेकवर पाय ठेवून उतरावं लागतं. बोगद्यातून बाहेर येताच चौथा, गर्दी दिसली की तिसरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं सुरक्षितही आणि स्वस्तही.

ताम्हिणीत पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका. धबधब्यापाशी माणसं रस्त्यावर उभी असतात, धुकं असतं, डांबरावर माती वाहून आलेली असते. ओल्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्यात पाय जोरात दिला तर २५० न्यूटन-मीटर पुढच्या दोन चाकांना पेलत नाहीत, चाकं फिरतात आणि स्टिअरिंग हातात ओढलं जातं. अशा वेळी एक गिअर वरचा ठेवून हलक्या पायाने जावं. मधल्या वारी, पहाटे उजाडल्यावर, कोरड्या रस्त्यावर हाच घाट पुण्याच्या आसपासचा सर्वात समाधान देणारा रस्ता आहे. दिवे घाटात रुंदीकरणाची कामं काढल्यापासून तिथे लय सापडत नाही.

एक्सप्रेस-वेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मर्यादा १००, घाटात ६०, आणि कॅमेरे आहेत. सहाव्यात शंभरला इंजिन दोन हजारांच्या आसपास शांत फिरतं. हलका पाय असेल तर मधले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि डिस्प्लेवर तसं दिसतं, पायाला मात्र कळतही नाही. ट्रक ओलांडायचा असेल तर सहाव्यातूनच पाय दाबत बसण्यापेक्षा सरळ चौथा टाका, काम अर्ध्या वेळात होतं.

आता ट्रॅक. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत आणि १०००० रुपयांपर्यंत. त्यामुळे गाडीची टोकं बघायची असतील तर ट्रॅक हीच जागा. पुण्याहून मोठे ट्रॅक दूर आहेत. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, दोन्हीकडे जायला हजार किलोमीटरहून जास्त अंतर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, त्याहून लांब. व्हर्टससारख्या गाडीला कारी सर्वात योग्य. सरळ पट्टा छोटा म्हणून ब्रेकवर कमी अत्याचार, आणि वळणं अशी की चूक लगेच कळते. घरच्या जवळ सुरुवात करायची तर कोल्हापूरजवळचा मोहिते ट्रॅक आहे. तिथे राष्ट्रीय पातळीच्या कार्टिंग स्पर्धा झालेल्या आहेत. वळणाची रेषा शिकायला कार्टइतका स्वस्त आणि कडक शिक्षक दुसरा नाही, आणि आपली गाडी नेण्याआधी दोन दिवस कार्टमध्ये घालवणं हा खर्च नक्की वसूल होतो.

जाण्याआधी विम्याची पॉलिसी उघडून वाचा. वापराच्या मर्यादा या शीर्षकाखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपला, हे धरूनच आत जायचं.

ब्रेकचा हिशोब आकड्यांत बघू. चालकासह गाडीचं वजन साधारण १३०० किलो धरा. शहरात पन्नासवरून शून्यावर येताना ब्रेकना सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. ट्रॅकवर एकशे चाळीसवरून साठवर येताना हाच आकडा ८०० किलोज्यूल होतो, म्हणजे सहा पटींहून जास्त. शहरात दोन सिग्नलच्या मध्ये ब्रेक गार होतात, ट्रॅकवर दीड मिनिटात असं चार-पाच वेळा करावं लागतं. त्यातला बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कवर येतो, कारण मागे ड्रम आहेत आणि जोरात ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं. त्यात आणखी एक गोष्ट. वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक सुटू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक त्या चाकाला ब्रेक लावतो. म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर असतानाही पुढचे ब्रेक तापतच असतात. तीन-चार वेगवान फेऱ्यांनंतर ही गाडी ब्रेकबद्दल बोलायला लागते, आणि ती काय बोलते हे ओळखता आलं पाहिजे.

पेडल नेहमीइतकंच कडक लागतं, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर पॅड तापले आहेत. वेग कमी करून एक फेरी गार होऊ दिली की ते बहुधा परत येतात. पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. लाइनमध्ये वाफ झाली आहे आणि वाफ दाबली जाते. इथे पुढची फेरी नाही, हळूहळू आत यायचं आणि दिवस संपला असं समजायचं. पेडल सोडून परत दाबलं की थोडं वर येतं, त्याला भुलू नका.

म्हणून या गाडीवर पहिला खर्च ब्रेक ऑइलचा. डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ चा अनुक्रमे २६० आणि १८०. नाव जवळचं असलं तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच द्रव आहे, ते यात कधीही घालायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पुण्याचे दोन पावसाळे काढलेल्या ऑइलवर ट्रॅकवर जाणं धोक्याचं. ट्रॅकच्या आधीच्या आठवड्यात चारही चाकांतून जुनं ऑइल काढून नवं भरून घ्या. दुसरा खर्च पुढच्या पॅडचा. जास्त तापमान सहन करणारे पण थंडपणीही धरणारे, रस्त्यावर चालणारे पॅड घ्यावेत. पूर्ण शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी कर्वे रोडवर पहिलाच ब्रेक कमी लागला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पॅड निम्म्याहून कमी जाडीचे उरले असतील तर ट्रॅकवर जाऊ नका, पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि ऑइलकडे लवकर पोहोचते.

टायरची हवा. दाराच्या चौकटीवरचा आकडा थंड टायरला भरून सुरुवात करा. तीन-चार फेऱ्यांत ती पाच-सात पीएसआय वाढते. आत आल्यावर गरम असतानाच मोजा आणि थोडी सोडा. किती, हे टायरच विचारून घ्यायचं. टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, खडूने आडवी रेघ मारा. रेघ पुसून घासलेली खूण खाली बाजूवर उतरली असेल तर हवा कमी आहे, रेघ जवळजवळ शाबूत असेल तर जास्त. परतीच्या प्रवासाला निघण्याआधी टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा पूर्ण भरायची, हे विसरणारे पुष्कळ असतात. चाकांना इथे नट नसून बोल्ट आहेत, ते टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळा आणि पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा. पायाखालच्या मॅट काढा, डिकी रिकामी करा, बाटली दाराच्या खणात ठेवू नका. ब्रेकखाली गेलेली बाटली ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

आत गेल्यावर छोट्या ट्रॅकवर दुसरा, तिसरा, चौथा एवढेच गिअर लागतात. सहा हजारांच्या आसपास वरचा टाका. पूर्ण ताकद तिथपर्यंतच आहे, पुढे ओढून फक्त आवाज वाढतो. दुसऱ्यातून बाहेर पडणारी तंग वळणं तिसऱ्यात घेऊन बघा. टॉर्क एवढा खाली आहे की बऱ्याचदा तिसऱ्यातच फेरी स्वच्छ जाते आणि पुढची चाकंही कमी घसरतात. गाडी वळणात पुढून बाहेर जायला लागली तर स्टिअरिंग आणखी फिरवू नका. पाय किंचित सोडा, पुढची चाकं पकड घेतील. हेच ओळखायला रस्त्यावर कधी मिळत नाही आणि इथे दहा वेळा मिळतं.

सर्वात महाग चूक चुकीच्या गिअरची. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना घाईत दांडा डावीकडे ओढला गेला तर चौथ्याऐवजी दुसरा पडतो. क्लच सोडताच चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे फिरवतात. आरपीएमची मर्यादा पाळणारा संगणक पेट्रोल बंद करू शकतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते आणि वॉरंटी त्याला उभी राहत नाही. तिसऱ्यातून चौथा म्हणजे सरळ रेषेत मागे. आडवं काही नाही. वर सांगितलेली ती उघड्या तळव्याची सवय इथे कामाला येते.

टाच आणि चवडा एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन पेडलांवर ठेवून, आरपीएम वाढवून जुळवत खालचा गिअर टाकायची कला इथेच शिकावी. रस्त्यावर हलक्या ब्रेकमध्ये ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा वर राहतं, पाय वाकडा होतो आणि जमत नाही म्हणून माणूस सोडून देतो. ट्रॅकवर पूर्ण ब्रेक दाबला की दोन्ही पेडलं जवळपास एका पातळीवर येतात आणि चवड्याची उजवी कड ॲक्सिलरेटरला सहज लागते. ब्रेकचा दाब मात्र त्या वेळी जराही बदलता कामा नये. आधी थांबलेल्या गाडीत, मग रिकाम्या रस्त्यावर सरळ रेषेत आणि शेवटी वळणाआधी, या क्रमाने जा.

पंधरा मिनिटांहून जास्त सलग चालवू नका. शेवटची फेरी ब्रेक न लावता, वरच्या गिअरमध्ये, गाडी गार होण्यासाठी. थांबल्यावर ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बसू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर चिकटतो आणि मग घरी परतताना दर ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. हँडब्रेकही ओढू नका. पहिला गिअर टाकून चाकाला दगड लावा आणि बॉनेट उघडून ठेवा. ट्रॅकच्या दिवसानंतर इंजिन ऑइल १५००० किलोमीटरची वाट न बघता लवकर बदला.

इंजिनाची ताकद सॉफ्टवेअरने वाढवण्याच्या भानगडीत आम्ही कुणाला पाडणार नाही. कंपनीचा क्लच २५० न्यूटन-मीटरच्या हिशोबाने दिलेला आहे. टॉर्क वाढवला की पाचव्या-सहाव्यात क्लच घसरायला लागतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला तर दंड ठरलेला. हे पैसे टायरवर घाला.

ह्युंदाई व्हर्ना टर्बो ही जवळची स्पर्धक. १६० पीएस, तिलाही सहा गिअर, आणि मागे डिस्क. ताकद जास्त, आतली सजावट जास्त, पण घाटातल्या लागोपाठ वळणांत व्हर्टस जास्त घट्ट आणि विश्वासाची वाटते. मालकाचं कुटुंब सोबत असताना ग्लोबल एनकॅपच्या २०२३च्या अपघात-सुरक्षा चाचणीत व्हर्टसला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी मिळालेले पाच-पाच तारेही मोजावेत, व्हर्नालाही तेवढेच मिळाले आहेत. बजेट कमी असेल तर १२० पीएसची ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन बघा.

शोरूममध्ये डेमोला बहुधा डीएसजीच उभी असते. हाताच्या गिअरचीच चालवून बघायची आहे असं फोनवर आधी सांगा. जुनी घेत असाल तर क्लच असा तपासा: मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि पाय पूर्ण दाबा. काटा सरकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरते आहे, तेवढी किंमत कमी करून मागा. मग गाडी चढावर उभी करा, हँडब्रेक ओढा आणि तो किती खाचांवर धरतो ते मोजा. पुढच्या डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नखाने धार जाणवते का बघा. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा आतल्यापेक्षा जास्त झिजलेल्या असतील तर गाडी एक तर ट्रॅकवर गेली आहे, नाही तर तिचं अलाइनमेंट बिघडलं आहे. मालकाला दोन्ही विचारा. शेवटी ती एखाद्या पेठेतल्या गल्लीत घेऊन जा, रिव्हर्समध्ये उलटी लावा आणि क्लच सोडताना गाडी थरथरते का ते पाहा. क्लच गरम असताना, रिव्हर्समध्ये, चढावर येणारी थरथर हेच जळालेल्या प्लेटचं सर्वात आधी दिसणारं लक्षण आहे.